उष्ण-कोरड्या प्रदेशातील पदव्युत्तर विज्ञान शिक्षण : संस्थेची निवड कशी करावी?

कृषी व संलग्न विषयांतील पदवी पूर्ण होत आली की पदव्युत्तर प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याची वेळ येते. बहुतेक विद्यार्थी त्या वेळी तीन गोष्टी पाहतात : संस्थेचा लौकिक, घरापासूनचे अंतर आणि मागील वर्षी किती गुणांवर प्रवेश थांबला होता. या तिन्ही गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. परंतु ज्यांना कोरडवाहू शेती, पिकांची अवर्षण-सहनशीलता, मृद्-जलसंधारण, शुष्क फलोत्पादन किंवा कृषी हवामानशास्त्र या विषयांत काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी चौथी गोष्ट निर्णायक ठरते. ती म्हणजे त्या ठिकाणचे हवामान.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी प्रयोगशाळा जे काम करते, ते काम या विषयांत त्या गावचा पाऊस, तेथील माती आणि तेथील ऊन करीत असते. ही प्रयोगशाळा विकत आणता येत नाही, ती निवडावीच लागते. शिवाय पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने विद्यार्थ्याच्या वाट्याला एका पिकाचे फार तर दोन हंगाम येतात, आणि प्रवेशाला विलंब झाला तर एकच. म्हणून उष्ण-कोरड्या प्रदेशातील संस्था निवडताना ‘संस्था किती मोठी’ या प्रश्नाच्या आधी ‘माझ्या प्रश्नाला हवा असलेला कोरडेपणा तेथे आहे का, आणि तो माझ्या दोन वर्षांत माझ्या हाती लागेल का’ हा प्रश्न विचारला पाहिजे. या लेखात त्याच प्रश्नाची उकल केली आहे.

सर्व कोरडे प्रदेश सारखे नसतात

एखाद्या प्रदेशाचा कोरडेपणा केवळ पावसाच्या आकड्यावरून ठरत नाही. वर्षभरात पडणारा पाऊस आणि तेथील संभाव्य बाष्पोत्सर्जन, म्हणजे पाणी मुबलक असते तर जमीन व पिके मिळून जितके पाणी हवेत गेले असते ते प्रमाण, यांचे गुणोत्तर पाहिले जाते. हे गुणोत्तर ०.०५ ते ०.२० असल्यास प्रदेश शुष्क आणि ०.२० ते ०.५० असल्यास अर्धशुष्क मानला जातो. भारतातील उष्ण शुष्क क्षेत्र सुमारे ३१७ लाख हेक्टर आहे. त्यातील सुमारे तीन-पंचमांश भाग एकट्या राजस्थानात असून त्यानंतर गुजरातचा क्रम लागतो. महाराष्ट्राचा वाटा अगदी अल्प आहे. आपल्याकडील अवर्षणप्रवण पट्टा बहुतांशी अर्धशुष्क या वर्गात मोडतो.

हा भेद केवळ नकाशावरचा नाही. जोधपूरला वर्षाकाठी सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला २०० मिलिमीटरहूनही कमी. तेथील जमीन वाळूमय असून पाणी धरून ठेवण्याची तिची क्षमता थोडी असते. त्यामुळे पाऊस थांबल्यावर थोड्याच दिवसांत पिकाला ताण जाणवू लागतो. सोलापूरला पाऊस ७०० मिलिमीटरच्या घरात आहे, पण तेथील खोल काळी जमीन पावसाचे पाणी साठवून ठेवते आणि रब्बी ज्वारी त्या साठ्यावरच वाढते. तेथे ताण हळूहळू चढत जातो आणि दाणे भरण्याच्या अवस्थेत तीव्र होतो. म्हणजे एकाच ‘अवर्षण’ या शब्दाचा अर्थ जोधपूरच्या बाजरीसाठी एक आणि सोलापूरच्या ज्वारीसाठी दुसराच असतो.

उष्णतेचेही तसेच आहे. राजस्थानातील फलोदी येथे मे २०१६ मध्ये ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. दख्खनच्या पठारावर इतका उच्चांक गाठला जात नाही. उलट हिसार, बिकानेर या उत्तरेकडील ठिकाणी हिवाळ्यातील रात्री तापमान शून्याजवळ येते आणि पिकांना हिमदाहाचा धोका असतो. सोलापूर किंवा हैदराबादच्या रब्बी पिकांना ही चिंता सहसा नसते. ‘उष्ण प्रदेश’ म्हणून हिसार निवडणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे थंडीशीही सामना करावा लागेल, हे त्याने आधीच जाणून घ्यावे.

तिसरा भेद अक्षांशाचा आहे. हिसार सुमारे २९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर सोलापूर व हैदराबाद साडेसतरा अंशांच्या आसपास. उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस हिसारला सोलापूरपेक्षा सुमारे पाऊण तासाने मोठा असतो. ज्वारी व बाजरीच्या अनेक वाणांचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर अवलंबून असल्याने एका ठिकाणी काढलेला निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या भागातील वाणांवर पुढे काम करण्याचा मानस असेल, तर हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

आधी प्रश्न, मग गाव

पसंतीक्रम भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला संशोधन-प्रश्न दोन-तीन वाक्यांत लिहून काढावा. ‘मला दुष्काळावर काम करावयाचे आहे’ एवढे पुरेसे नाही. कोणता दुष्काळ, हे सांगता आले पाहिजे. स्थूलमानाने पुढील प्रकार ध्यानात घ्यावेत.

पहिला प्रकार हंगामाच्या मध्यातील पावसाच्या खंडाचा. हलक्या लाल जमिनीतील खरीप पिकांना हा खंड विशेष जाचतो. दुसरा प्रकार अंतिम टप्प्यातील ओलाव्याच्या ताणाचा. साठलेल्या ओलाव्यावर वाढणारी रब्बी ज्वारी व हरभरा ही त्याची ठळक उदाहरणे होत. तिसरा प्रकार फुलोऱ्यातील उष्णतेचा. हरभऱ्यात फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर राहिल्यास घाटे धरण्याचे प्रमाण घटते, आणि उन्हाळी बाजरीत ते ४२ अंशांच्या पुढे गेल्यास दाणे भरणे कमी होते. येथे जमिनीत पाणी असूनही नुकसान होते, म्हणून या अभ्यासाला सिंचनाची सोय असलेले उष्ण ठिकाण लागते. चौथा प्रकार क्षारयुक्त जमीन व खारे भूजल यांचा. हरियाणा व राजस्थानच्या काही भागांत पाण्याची टंचाई आणि पाण्याचा खारेपणा हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

पाचवा प्रकार हवेच्या कोरडेपणाचा असून त्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष कमी जाते. हवा किती बाष्प सामावू शकते आणि तिच्यात प्रत्यक्ष किती बाष्प आहे, या दोहोंतील फरकाला बाष्पदाब तूट म्हणतात. पानातील पाणी बाहेर खेचणारी शक्ती ही तूटच होय. तापमान ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना ही तूट सुमारे १.७ किलोपास्कल असते. तापमान ४० अंशांवर गेले आणि आर्द्रता २० टक्क्यांवर आली की ती ५.९ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेतीन पटींनी, वाढते. अशा हवेत जमीन ओली असतानाही पीक कोमेजू शकते. बाजरी, ज्वारी, हरभरा यांच्या काही वाणांत ही तूट वाढताच पर्णरंध्रे अंशतः मिटून पाणी राखण्याचा गुण आढळतो. हा गुण तपासावयाचा असेल, तर पावसाळ्यातील दमट हवेत केलेला प्रयोग निरुपयोगी ठरतो. त्याला मार्च ते मे या काळातील कोरडी हवा लागते.

प्रश्न याप्रमाणे नेमका झाला की गावांची यादी आपोआप आखूड होते.

कोठे काय आहे?

जोधपूर येथील केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था, म्हणजेच काजरी, हे शुष्क क्षेत्राच्या अभ्यासाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. १९५२ मध्ये वाळवंटातील वनीकरणाचे संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या कार्याला १९५९ मध्ये सध्याच्या संस्थेचे रूप मिळाले आणि १९६६ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. वाळूच्या टेकड्यांचे स्थिरीकरण, गवताळ कुरणे, वृक्षाधारित शेती, पाऊसपाण्याची साठवण असा तिचा विस्तृत आवाका आहे. पाली, बिकानेर, जैसलमेर व भूज येथील तिच्या प्रादेशिक केंद्रांमुळे पावसाच्या उतरत्या क्रमाने प्रयोग करता येतात. बिकानेरला केंद्रीय शुष्क फलोत्पादन संस्था व राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे. पदवीसाठी बिकानेरचे स्वामी केशवानंद राजस्थान कृषी विद्यापीठ, जोधपूरचे कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यक विषयांसाठी बिकानेरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ हे पर्याय आहेत.

हैदराबाद परिसराचे वैशिष्ट्य म्हणजे तेथे लाल व काळी या दोन्ही जमिनी जवळजवळ मिळतात. पतंचेरू येथील इक्रिसॅट ही १९७२ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर व भुईमूग या पिकांवर काम करते. तिच्या एकाच प्रक्षेत्रावर या दोन्ही प्रकारच्या जमिनी आहेत. काळ्या जमिनीतील तिचा पाणलोट प्रयोग १९७० च्या दशकापासून अखंड चालू आहे. हैदराबादलाच १९८५ पासून केंद्रीय कोरडवाहू कृषी संशोधन संस्था, अर्थात क्रीडा, कार्यरत आहे. हवामानानुकूल शेतीच्या राष्ट्रीय उपक्रमाचे समन्वयन २०११ पासून ही संस्था करते. भारतीय श्रीअन्न संशोधन संस्था आणि प्राध्यापक जयशंकर यांच्या नावाचे राज्य कृषी विद्यापीठही याच शहरात आहे.

महाराष्ट्रात सोलापूरची परंपरा जुनी आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन येथे १९३३ पासून चालू आहे. याच जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही नव्या वाणांच्या तुलनेसाठी वापरली जाते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उथळ, खडकाळ मुरमाड जमिनीवर वसवली गेली आहे. म्हणून अशा जमिनीतील पीक व फळबाग व्यवस्थापनाचा अभ्यास तेथे प्रत्यक्ष परिस्थितीत होतो. राहुरी, अकोला व परभणी येथील कृषी विद्यापीठांचे कार्यक्षेत्र बऱ्याच अंशी अवर्षणप्रवण आहे. निफाडचे गहू संशोधन केंद्र हे उष्णतेच्या ताणाखालील गव्हासाठी उपयुक्त ठिकाण होय.

उत्तरेत हिसारचे चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठ आणि क्षारयुक्त जमिनींसाठी कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था, तर दक्षिणेत रायचूर व धारवाड येथील कृषिविज्ञान विद्यापीठे हे आणखी काही पर्याय आहेत.

येथे एक भेद स्पष्टपणे समजून घ्यावा. संशोधन संस्था आणि पदवी देणारे विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. इक्रिसॅट स्वतः पदवी देत नाही. तेथे प्रबंधाचे काम करणारे विद्यार्थी अन्य विद्यापीठांत नोंदणी केलेले असतात. परिषदेच्या अनेक संशोधन संस्थांचे शिक्षणकार्य विद्यापीठांशी झालेल्या करारांद्वारे किंवा नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेशी जोडून चालते. त्यामुळे ‘मी अमुक संस्थेत शिकणार’ असे ठरवण्यापूर्वी नोंदणी कोठे होईल, वर्ग कोठे भरतील, प्रयोग कोठे घेता येईल आणि पदवी कोणाची मिळेल, या चार प्रश्नांची उत्तरे माहिती पुस्तिकेतून व लेखी विचारणेतून मिळवावीत.

दोन वर्षांतील हंगामांचे गणित

कृषी विद्यापीठांतील प्रचलित पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकूण ७० श्रेयांक असून त्यांपैकी ३० श्रेयांक प्रबंधाचे आहेत. म्हणजे पदवीचा जवळपास निम्मा भार शेतातील व प्रयोगशाळेतील कामावर असतो, आणि शेतातील काम विद्यापीठाच्या सत्रानुसार चालत नाही. ते पावसाच्या वेळापत्रकाने चालते.

समजा, समुपदेशनाच्या फेऱ्या लांबल्या आणि प्रवेश ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाला. जोधपूरला बाजरीची पेरणी जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत होते आणि ऑक्टोबरपर्यंत पीक निघालेले असते. पहिला खरीप असा हातचा जातो. पुढील जुलैत पेरलेले पीक हाच एकमेव हंगाम उरतो. तो काढल्यावर पृथक्करण, सांख्यिकी व लेखन यांसाठी सात-आठ महिने मिळतात. त्या एका हंगामात पाऊस दगा देऊन गेला, तर दुसरी संधी नसते.

सोलापूर-राहुरीकडे रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. ऑक्टोबरमध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिला रब्बी हंगाम स्वतःच्या प्रयोगासाठी मिळत नाही, कारण संशोधन आराखडा मंजूर झालेला नसतो. तरीही वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या प्रयोगावर निरीक्षणाची पद्धत त्याला शिकता येते. हरभऱ्यासाठी किंवा उन्हाळी भुईमुगासाठी पहिल्याच वर्षी छोटा प्राथमिक प्रयोग घेणे कधीकधी शक्य होते. म्हणून ज्या ठिकाणी वर्षातून दोन हंगाम घेता येतात आणि मर्यादित का होईना सिंचन आहे, तेथे विद्यार्थ्याच्या वेळेला अधिक संरक्षण मिळते.

बहुवर्षायू पिकांबाबत आणखी सावध राहावे. खेजडी, बोर, डाळिंब यांवर दोन वर्षांत काम करावयाचे, तर झाडे आधीपासून उभी असली पाहिजेत. त्यांचे वय, लागवडीचे अंतर आणि पूर्वीच्या प्रयोगांची नोंद उपलब्ध असली पाहिजे. नवी लागवड करून फळापर्यंत पोहोचण्याइतका अवधी पदव्युत्तर विद्यार्थ्यापाशी नसतो.

या दृष्टीने प्रत्येक विद्यार्थ्याने प्रवेशाचा संभाव्य महिना, पिकाचा पेरणी-काढणीचा काळ आणि प्रबंध सादर करण्याची मुदत एकाच कागदावर बारा-बारा महिन्यांच्या दोन ओळींत मांडावी. पुष्कळशा शंका त्या एका कागदानेच मिटतील.

दुष्काळ न पडण्याचा धोका

शेतकऱ्याला चांगला पाऊस हा आनंद असतो. अवर्षणाचा प्रयोग करणाऱ्याला तोच पाऊस अडचणीत आणतो. ताण द्यावयाच्या वाफ्यांवर ऐन फुलोऱ्यात ६० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर ताण दिलेले व न दिलेले वाफे सारखेच होऊन बसतात. कोरड्या प्रदेशातील पावसाचा खरा स्वभाव त्याच्या अल्पतेपेक्षा त्याच्या लहरीपणात आहे. सरासरी जितकी कमी, तितकी वर्षावर्षांतील तफावत मोठी. त्यामुळे ‘तेथे पाऊस कमी आहे’ एवढ्या भरवशावर प्रयोगाची आखणी करणे धोक्याचे असते.

या अनिश्चिततेवर संशोधकांनी काही उपाय शोधले आहेत आणि ते उपाय संस्थेत आहेत की नाहीत हे पाहणे हा निवडीचा महत्त्वाचा भाग आहे. पहिला उपाय म्हणजे पाऊस येताच वाफ्यांवर सरकणारे छत. दुसरा उपाय बिगरहंगामी प्रयोगाचा. उन्हाळ्यात, पाऊस येण्याची शक्यता अल्प असताना, सिंचनावर पीक घ्यावयाचे आणि ठरलेल्या अवस्थेत पाणी तोडावयाचे. इक्रिसॅटमध्ये बाजरीच्या अंतिम टप्प्यातील ताणाचे प्रयोग पुष्कळदा याच रीतीने घेतले गेले आहेत. मात्र उन्हाळ्यातील हवा खरिपापेक्षा कितीतरी कोरडी असते, हे निष्कर्ष काढताना विसरता येत नाही. तिसरा उपाय मोठ्या नळकांड्यांत पीक वाढवून वजनाच्या साहाय्याने पाण्याचा वापर मोजण्याचा. चौथा उपाय जुन्या आकडेवारीचा. अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प १९७० पासून चालू असून त्याच्या केंद्रांवर पाऊस, ओलावा व उत्पादन यांच्या दीर्घकालीन नोंदी आहेत. एखाद्याचा प्रयोग पावसाने बिघडला, तरी अशा नोंदींवर आधारलेला एक भाग प्रबंधात आधीच योजलेला असेल तर पदवी अडत नाही.

संस्थेशी संपर्क साधताना विद्यार्थ्याने आवर्जून विचारावे : ‘मागील पाच वर्षांत या विभागातील किती विद्यार्थ्यांचे प्रयोग हवामानामुळे पुन्हा घ्यावे लागले आणि अशा वेळी विभागाने काय केले?’ या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणारा विभाग विश्वासार्ह समजावा.

मार्गदर्शक, प्रक्षेत्र आणि उपकरणे

उपकरणांच्या यादीने हुरळून जाऊ नये. उपकरण असणे, ते चालू असणे आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्याला हाताळू देणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पानातील जलविभव मोजणारा दाबकक्ष, पर्णरंध्रांची वाहकता मोजणारे यंत्र, जमिनीतील ओलावा खोलीनुसार टिपणारे संवेदक आणि प्रक्षेत्रावरची हवामान वेधशाळा, ही चार साधने चालू स्थितीत असली तर ताण-शरीरक्रियेचे बरेचसे काम होऊ शकते. काळ्या जमिनीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. ही जमीन वाळताना रुंद भेगा पडतात आणि संवेदकाचा मातीशी असलेला संपर्क सुटतो. ओलावा मोजण्याची कोणती पद्धत तेथे रुळलेली आहे, हे आधी कळले तर एक हंगाम वाचतो.

प्रक्षेत्राला कुंपण आहे का, हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. पश्चिम राजस्थानात नीलगाय आणि सोलापूर भागात काळवीट व रानडुक्कर यांचा उपद्रव असतो. दाणे भरलेल्या बाजरीवर पक्ष्यांचे थवे उतरतात. चार महिन्यांचे काम एका रात्रीत नाहीसे होऊ शकते.

मार्गदर्शकांची निवड करताना त्यांच्या अलीकडील प्रबंधांच्या शीर्षकांवर नजर टाकावी. राज्य कृषी विद्यापीठांचे अनेक प्रबंध ‘कृषिकोश’ या संग्रहात वाचावयास मिळतात. त्यांतील ‘साहित्य व पद्धती’ हे प्रकरण वाचल्यास त्या विभागात प्रत्यक्ष काय मोजले जाते, किती पुनरावृत्ती घेतल्या जातात आणि हंगाम एक होता की दोन, हे समजते. माहिती पुस्तिकेतील वर्णनापेक्षा हे प्रकरण अधिक बोलके असते.

उन्हातील दैनंदिन जीवन

हवामान पिकाला लागते तसे माणसालाही लागते. कोरड्या उन्हाळ्यात घाम त्वचेवर येताच वाळून जातो, त्यामुळे शरीरातील पाणी किती कमी झाले हे लक्षात येत नाही. कोकणातून किंवा सह्याद्रीच्या पायथ्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला याची सवय नसते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे, क्षार-साखरेचे मिश्रण जवळ बाळगणे, डोके व मान झाकणे आणि पहिले दोन आठवडे उन्हातील काम हळूहळू वाढवणे, ही पथ्ये पाळावी लागतात.

या विषयांतील कामाच्या वेळाही विलक्षण असतात. पानातील पहाटेचे जलविभव सूर्योदयापूर्वी मोजावे लागते आणि दुपारचे ऐन उन्हात. म्हणजे विद्यार्थी पहाटे चारला प्रक्षेत्रावर आणि पुन्हा दुपारी एकला तेथेच असतो. वसतिगृहापासून प्रक्षेत्र किती दूर आहे, पहाटे वाहन मिळते का, विद्यार्थिनींना त्या वेळी बाहेर जाण्याची परवानगी व सोबत कशी मिळते, प्रक्षेत्रावर सावली, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर नोंदींची गुणवत्ता अवलंबून असते. ज्या विद्यार्थिनीला पहाटे वसतिगृहाबाहेर पडता येत नाही, तिच्या प्रबंधातील एक संपूर्ण तक्ता रिकामा राहतो. हा प्रश्न प्रवेशानंतर नव्हे, तर प्रवेशापूर्वीच विचारावा. तो विचारण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

परराज्यात जाणाऱ्यांनी भाषेचाही विचार करावा. वर्गातील शिक्षण इंग्रजीतून होत असले, तरी प्रक्षेत्रावरील मजूर व गावातील शेतकरी मारवाडी, हरियाणवी, तेलुगू किंवा कन्नड बोलतात. शेतकऱ्यांच्या शेतावर प्रयोग किंवा सर्वेक्षण असेल, तर ती भाषा कामापुरती शिकण्याची तयारी ठेवावी. हा त्रास मानू नये. राजस्थानात पाणी साठवण्याच्या टाक्यांना, कुरणांना आणि वाऱ्याच्या प्रकारांना जे स्थानिक शब्द आहेत, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे.

प्रवेशाचा मार्ग

परराज्यातील कृषी विद्यापीठांत आणि परिषदेच्या अभिमत विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेश घेण्यासाठी परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेचा मार्ग आहे. राज्य विद्यापीठांतील जागांचा ठरावीक हिस्सा या परीक्षेतून भरला जातो. महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांच्या उर्वरित जागांची प्रक्रिया राज्यपातळीवर होते. पात्रता, विषयगट, जागा व अधिछात्रवृत्ती यांचे तपशील दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना मुळातून वाचावी. विशेषतः विषयगटाची निवड काळजीपूर्वक करावी. परीक्षेसाठी निवडलेल्या गटावर पुढे कोणत्या शाखांचा पसंतीक्रम भरता येईल हे अवलंबून असते.

निर्णयापूर्वीची तपासणी

वरील विवेचनाचे सार सहा प्रश्नांत मांडता येईल. माझा प्रश्न कोणत्या प्रकारच्या कोरडेपणाचा आहे? तो कोरडेपणा त्या ठिकाणी, त्या जमिनीत, त्या हंगामात दरवर्षी आढळतो का? प्रवेशाच्या महिन्यापासून मोजल्यास मला किती हंगाम मिळतील? पाऊस अवेळी आला किंवा आलाच नाही, तर प्रयोग वाचवण्याचा मार्ग कोणता? पदवी कोणाची, मार्गदर्शक कोण आणि प्रक्षेत्र कोणाच्या ताब्यात? आणि त्या हवेत, त्या वेळांना, दोन वर्षे मी सुरक्षितपणे काम करू शकेन का?

या सहांपैकी चार प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारी मध्यम लौकिकाची संस्था, एकाच प्रश्नाला उत्तर देणाऱ्या नामांकित संस्थेपेक्षा विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडेल. ज्याला सोलापूर, सांगली, बीड, धाराशिव या भागांत परतून काम करावयाचे आहे, त्याला सोलापूर, राहुरी, बारामती, हैदराबाद किंवा रायचूर येथील काळ्या व मुरमाड जमिनींचा अनुभव थेट उपयोगी ठरेल. ज्याला वाळवंटी परिसंस्था, कुरणे, वाऱ्याने होणारी धूप किंवा उंट-मेंढीपालन यांचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने जोधपूर-बिकानेरला पर्याय शोधू नये. तापमानवाढीच्या काळात आज जोधपूरला जे तापमान आहे त्याच्याशी उद्या दख्खनलाही झुंजावे लागेल, या विचाराने तेथे जाणाऱ्यांचे कामही तितकेच मोलाचे आहे. मात्र माती आणि दिवसाची लांबी बदलते, हे त्यांनी परतताना लक्षात ठेवावे.

पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधी एक आठवडा प्रत्येक ठिकाणच्या पावसाच्या नोंदी पाहण्यात, दोन-तीन प्रबंध वाचण्यात आणि तेथे शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलण्यात घालवावा. कोरडवाहू शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीतील ओल हाताने चाचपून पाहतो आणि मगच तिफण शेतात घालतो. दोन वर्षांची पेरणी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यानेही तेवढी खातरजमा केली पाहिजे.